लाल हेडलॅम्प वापरताना: रात्रीची नजर टिकवायची कशी, पायरीपायरीने

रात्रीच्या ट्रेकला किंवा आकाशदर्शनाला जाणाऱ्या बहुतेकांच्या हेडलॅम्पला आता लाल दिव्याची सोय असते. तरी तक्रार जुनीच ऐकू येते: ‘लाल दिवा वापरला, पण अंधारात काही दिसतच नाही.’ खोलात गेलं की कारण बहुधा तिनांपैकी एक निघतं. दिवा लाल होता पण फार प्रखर होता, लाल लावता लावता मधेच पांढरा लागून गेला, किंवा डोळ्यांना अंधाराला सरावायला वेळच मिळाला नाही.

लाल प्रकाशाने नजर वाढत नाही. अंधारात थांबून डोळ्यांनी जी नजर कमावलेली असते तिची नासाडी कमी होते, तीसुद्धा प्रकाश मंद असेल तरच. त्यामुळे दिवा कोणता घेतला यापेक्षा कोणती गोष्ट आधी केली आणि कोणती नंतर, यावर सगळं अवलंबून असतं.

## सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी उजेडात काम करतात. रंग आणि बारकावे त्या दाखवतात. दंडपेशी अगदी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. अंधारात गेल्यावर शंकुपेशी दहाएक मिनिटांत सरावतात. दंडपेशींना २० ते ३० मिनिटं लागतात आणि पुरत्या सरावायला ४० मिनिटंही जातात. दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रकाश पडला की विघटित होतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. हा वेळ त्याचा आहे, घाई करून तो कमी होत नाही.

इथेच बरेच जण फसतात. दिवा बंद केल्यावर मिनिटाभरात बाहुल्या मोठ्या होतात, थोडंफार दिसू लागतं, आणि वाटतं की डोळे सरावले. खरं काम तेव्हा नुकतं सुरू झालेलं असतं.

आता लालच का? दंडपेशींना सर्वांत जास्त जाणवतो तो ५०७ नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा प्रकाश. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला त्यांची संवेदनशीलता शिखराच्या सुमारे तीनशेव्या भागावर येते, ६६० ला सुमारे तीन हजाराव्या भागावर. शंकुपेशींना मात्र ६३० चा लाल व्यवस्थित दिसतो. आपण वाचताना जिथे नजर रोखतो, त्या पडद्याच्या मध्यबिंदूत फक्त शंकुपेशीच असतात. म्हणजे मंद लाल प्रकाशात शंकुपेशी नकाशा वाचतात आणि दंडपेशींना त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

पण तीनशेवा भाग म्हणजे शून्य नाही. प्रकाश पुरेसा वाढवला की लाल दिवाही दंडपेशींना दिपवतो. झगझगीत लाल प्रकाशापेक्षा अगदी मिणमिणता पांढरा परवडला, अशी वेळ खरोखर येते.

## पायरी १: दिवसा, घरीच दिवा ओळखा

हेडलॅम्प हातात घ्या आणि बटण दाबत त्याचा पूर्ण क्रम लिहून काढा. काहींमध्ये आधी पांढरा प्रखर, मग मध्यम, मग मंद आणि शेवटी लाल येतो. काहींमध्ये बटण दोनतीन सेकंद दाबून धरलं की थेट लाल लागतो. काही हेडलॅम्प शेवटचा वापरलेला प्रकाश लक्षात ठेवतात, काही प्रत्येक वेळी पांढऱ्यापासूनच सुरुवात करतात. हा शेवटचा प्रकार रात्रीच्या नजरेचा शत्रू आहे. अजून खरेदी करायची असेल तर दुकानातच विचारा: पांढरा न लागता थेट लाल लावता येतो का, आणि लाल मंद करता येतो का? ही दोन उत्तरं ‘हो’ असतील तर बाकी गोष्टींवर तडजोड चालेल.

क्रम पाठ झाला की डोळे मिटून सराव करा. बटण कुठे आहे, किती वेळ दाबायचं, बंद कसं करायचं, हे बोटांना कळलं पाहिजे. थंडीत हातमोजे घालणार असाल तर सरावही हातमोजे घालूनच करा.

लॉकची सोय असेल तर तीही शिकून घ्या. सॅकमध्ये दाबलं गेलेलं बटण रात्रभर पांढरा दिवा जाळत ठेवतं, आणि ते कळतं नेमकं सॅक उघडताना, थेट डोळ्यांवर.

तपासा: दिवा सुरू किंवा बंद करताना बॅटरी दाखवणारा छोटा हिरवा किंवा निळा दिवा लुकलुकतो का? लुकलुकत असेल तर त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा.

### लाल दिवाच नसेल तर

साध्या टॉर्चवर लाल सेलोफेनचे थर लावून काम भागतं. एक थर पुरत नाही. तीनचार थर तरी लागतात. गाडीच्या मागच्या दिव्याची फुटलेली काच दुरुस्त करायला मिळते ती लाल पारदर्शक टेप जास्त टिकते. काचेवर लाल नेलपॉलिश लावण्याचा उपायही लोक करतात, पण मग तातडीच्या वेळी त्या दिव्यातून पांढरा प्रकाश मिळत नाही. फिल्टर झटक्यात काढता येईल असाच ठेवा. प्रखर टॉर्च पूर्ण झाकून फार वेळ लावू नका, प्लास्टिक तापून वितळतं.

तपासा: फिल्टर खरोखर लाल आहे का, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. पांढऱ्या कागदावर तीन शब्द लिहा: एक काळ्या शाईने, एक निळ्या आणि एक लाल शाईने. अंधाऱ्या खोलीत त्यावर आपला लाल दिवा धरा. लाल शब्द जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे, आणि निळा शब्द काळ्यासारखाच दिसला पाहिजे. निळी शाई अजून निळी दिसत असेल तर फिल्टरमधून निळा प्रकाश गळतोय. आणखी थर चढवा.

## पायरी २: दिवा मंद करा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच आहे. कंपनीने दिलेला लाल दिवा बहुधा तंबूत सामान शोधण्याच्या हिशेबाने बनवलेला असतो. तारे पाहण्यासाठी किंवा चांदण्यात चालण्यासाठी तो फारच जास्त होतो.

लाल दिव्याची तीव्रता कमी करण्याची सोय असेल तर सर्वांत खालच्या पातळीवर ठेवा. नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारी पांढरी कागदी चिकटपट्टी घ्या आणि लाल एलईडीवर एकेक थर लावत जा. त्याने प्रकाश मंदही होतो आणि पसरतोही, त्यामुळे मधला टोचणारा ठिपका जातो. पांढऱ्या दिव्यावर पट्टी येऊ देऊ नका.

किती मंद ठेवायचा हे कसं ठरवायचं? अंधाऱ्या खोलीत अर्धा तास बसा, मग हातभर अंतरावर कागद धरून दिवा लावा. मोठी अक्षरं जेमतेम वाचता आली तर प्रकाश बरोबर आहे. कागद छान उजळलेला दिसत असेल तर अजून एक थर हवा.

तपासा: मिनिटभर वाचून दिवा बंद करा आणि खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहा. डोळ्यांपुढे हिरवट किंवा काळा डाग तरंगत असेल तर प्रकाश अजूनही जास्त आहे.

हीच चाचणी खोलीत दिवे असताना केली तर प्रत्येकाला आपला लाल दिवा अपुरा वाटतो, आणि तो वाढवून ठेवला जातो. अर्धा तास थांबल्याशिवाय तीव्रता ठरवू नका.

## पायरी ३: कागद, फोन आणि सामान

लाल प्रकाशात लाल, केशरी आणि पिवळ्या खुणा पांढऱ्या कागदात मिसळून जातात. नकाशावर वाट लाल पेनाने आखली असेल तर रात्री ती सापडणार नाही. तपकिरी समोच्चरेषाही पुसट होतात. निघण्याआधी वाट, वळणं आणि पाण्याच्या जागा काळ्या जाड पेनाने पुन्हा गिरवा. मोठ्या अक्षरात लिहा, कारण मंद प्रकाशात बारीक अक्षर कोणालाच वाचता येत नाही.

चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांना लाल प्रकाशात वाचणं आणखी अवघड जातं. डोळ्याच्या भिंगातून लाल किरण निळ्या-हिरव्यापेक्षा किंचित मागे एकत्र येतात, त्यामुळे जवळचं पाहायला जास्त जोर लागतो. चष्मा घरी ठेवून जाऊ नका, आणि काचा स्वच्छ पुसून घ्या.

फोन हा या सगळ्यातला मोठा खोडा आहे. हेडलॅम्पची इतकी काळजी घ्यायची आणि मग वेळ पाहायला पांढरी स्क्रीन उघडायची, असं हमखास होतं. झोपताना वापरायचा पिवळसर फिल्टर इथे पुरत नाही, त्यातून हिरवा प्रकाश भरपूर येतो. सेटिंगमध्ये संपूर्ण स्क्रीन लाल करण्याची सोय असेल तर ती सुरू करा, ब्राइटनेस अगदी तळाला न्या आणि आपोआप ब्राइटनेस बदलणं बंद करा. आकाशदर्शनाच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये लाल ‘नाइट मोड’ असतो, पण तो अ‍ॅपपुरताच. त्यातून बाहेर पडलात की पांढरी स्क्रीन समोर येते. नोटिफिकेशन बंद ठेवा. मनगट उचललं की उजळणारं स्मार्ट घड्याळ खिशात टाका.

मग बाकीचे चोरदिवे शोधा. पॉवरबँकेचे निळे ठिपके, कॅमेऱ्याची मागची स्क्रीन आणि फोकससाठी लागणारा त्याचा छोटा दिवा, गाडीचं दार उघडलं की लागणारा आतला दिवा, किल्लीचं बटण दाबलं की उजळणारे हेडलाइट. ज्यांचं सेटिंग बदलता येत नाही त्यांवर टेप लावा, आणि गाडीतून लागणारं सगळं सामान अंधार पडण्याआधीच काढून ठेवा.

## पायरी ४: संध्याकाळपासून डोळ्यांना वेळ द्या

रात्रीच्या नजरेची तयारी दुपारीच सुरू होते. दिवसभर कडक उन्हात, वाळूवर किंवा बर्फावर उघड्या डोळ्यांनी घालवलेला वेळ रात्री डोळे सरावण्याचा वेग मंदावतो. गडद गॉगल वापरा. धूम्रपानानेही रात्रीची नजर घटते, कारण रक्तातला कार्बन मोनॉक्साइड पडद्यापर्यंत पोचणारा ऑक्सिजन कमी करतो. उंचावर विरळ हवेतही तोच त्रास होतो.

क्रम असा ठेवा:

1. स्वयंपाक, जेवण, तंबू लावणं, बुटांच्या नाड्या बांधणं ही सगळी कामं पांढऱ्या प्रकाशात, आधीच उरका.
2. रात्री लागणाऱ्या वस्तू ठरलेल्या खिशात ठेवा, म्हणजे हाताने चाचपून मिळतील. जो दिवा लावावाच लागला नाही त्याने नजर बिघडत नाही.
3. हेडलॅम्प लाल करून, मंद करून बंद करा. पुढच्या वेळी तो लालच लागेल याची खात्री करून घ्या.
4. सगळे दिवे एकाच वेळी बंद करा आणि किमान अर्धा तास तसेच थांबा. या वेळात लालसुद्धा लावू नका.

शेकोटीकडे पाहत बसलात तर हा अर्धा तास धरायचा नाही. शेकोटीचा प्रकाश तांबूस दिसतो, पण त्यात पिवळा आणि हिरवाही असतो.

तपासा: दिवे बंद करताना कृत्तिकेकडे किंवा दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या तारकापुंजाकडे पाहा आणि किती तारे दिसतात ते मोजा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. आकडा वाढलेला नसेल, आकाश स्वच्छ असेल आणि चंद्रही नसेल, तर कुठला तरी प्रकाश तुमच्या डोळ्यांत जातोय. तो शोधा.

चाळीस मिनिटं गडद अंधारात बसूनही सोबतच्यांना दिसतं ते तुम्हाला वारंवार दिसत नसेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. रातांधळेपणा, मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार यामागे असू शकतो.

## पायरी ५: लाल दिवा लावताना

दिवा लावण्याआधी त्याचं तोंड जमिनीकडे वळवा. हात दिव्यावर धरा, बटण दाबा, लालच लागलाय हे बोटांच्या फटीतून पाहा आणि मगच हात काढा. चुकून पांढरा लागला तर तो तळहातातच अडतो. ही एक सवय लागली तरी निम्मे अपघात टळतात.

काम संपलं की लगेच बंद करा. ‘लालच तर आहे’ म्हणून तासन्‌तास चालू ठेवलेला दिवा हळूहळू डोळे उतरवतो.

चारजण एकत्र असतील तर हेडलॅम्प कपाळाऐवजी गळ्यात अडकवलेला बरा. कुणी हाक मारली की आपण मान वळवतो, आणि कपाळावरचा दिवा थेट त्याच्या डोळ्यांत जातो. गळ्यातला दिवा खाली पाहतो, हातापुढची जागा उजळतो आणि कुणाला त्रास देत नाही.

अंधुक वस्तूकडे थेट रोखून पाहू नका. मध्यबिंदूत दंडपेशी नसल्याने नेमकी तिथेच ती गायब होते. नजर थोडी बाजूला ठेवा. देवयानी दीर्घिका थेट पाहिली तर विरघळल्यासारखी वाटते, जरा बाजूला पाहिलं की तिचा धुरकट पुंजका उमटतो. दुर्बिणीला उजवा डोळा लावला असेल तर वस्तूच्या उजवीकडे पाहा, डावा असेल तर डावीकडे. उलट बाजूला पाहिलंत तर वस्तू डोळ्याच्या अंधबिंदूवर पडून पूर्ण नाहीशी होऊ शकते.

इशारा: लाल दिवा प्राण्यांना दिसतच नाही, असं धरून चालू नका. अनेक निशाचर सस्तन प्राण्यांना आणि बहुतेक कीटकांना तो कमी जाणवतो, एवढंच. प्राण्याच्या डोळ्यांवर रोखू नका. कासवांच्या विणीच्या किनाऱ्यावर तर तिथल्या नियमांत लाल दिव्याला परवानगी असेल तरच तो लावा.

## पायरी ६: चालताना

सपाट, ओळखीच्या वाटेवर चांदणं असेल तर दिवा न लावताच चालून पाहा. दंडपेशी पडद्याच्या कडांकडे भरपूर असतात, त्यामुळे पायांकडे न पाहता पाचसहा पावलं पुढे पाहिलं की वाट जास्त चांगली कळते. पावलं आखूड टाका.

लाल दिव्यात चालायचंच असेल तर तो कपाळाऐवजी कमरेच्या उंचीवर, हातात धरा. कपाळावरचा प्रकाश नजरेच्याच रेषेत पडतो, दगडांच्या सावल्या दिसत नाहीत आणि सगळी वाट सपाट भासते. कमरेजवळच्या प्रकाशात प्रत्येक दगडाची सावली उमटते आणि खळगा कळतो.

इशारा: कातळ, घसारा, कडा, ओढ्याचं पात्र, ओली फरशी, शिडी यांवर लाल दिव्याने जाऊ नका. एकाच रंगात चिखल, शेवाळ आणि कोरडा दगड सारखेच दिसतात, खोलीचा अंदाज चुकतो. इथे नजर वाचवण्यात काही अर्थ नाही. पांढरा लावा.

इशारा: वाहनांच्या रस्त्यावर पुढच्या बाजूला लाल दिवा लावून चालू नका. समोरून येणाऱ्या चालकाला लाल म्हणजे आपल्याच दिशेने पुढे जाणाऱ्या वाहनाचा मागचा दिवा वाटतो. बोटीवर तर लाल ही डाव्या बाजूची खूण आहे, तिथे उघड्यावर मिरवलेला लाल हेडलॅम्प दुसऱ्या बोटीला चकवू शकतो.

लुकलुकणारा लाल प्रकाश गंमत म्हणून वापरू नका. डोंगरात मिनिटाला सहा वेळा प्रकाश किंवा आवाज, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा, ही संकटाची आंतरराष्ट्रीय खूण आहे. मिनिटाला तीन म्हणजे ‘खूण मिळाली’. दुरून कुणी लुकलुक पाहिली तर तो मदतीला धावेल.

## पायरी ७: पांढरा दिवा कधी, आणि कसा

जखम पाहायची असेल, औषधाची गोळी ओळखायची असेल, बुटात किंवा अंथरुणात विंचू-साप आहे का तपासायचं असेल, दोर आणि गाठी बघायच्या असतील, तर विचार न करता पांढरा लावा. लाल प्रकाशात त्वचेवरचं रक्त नीट दिसत नाही, गोळ्यांचे रंग सारखे होतात, आणि पालापाचोळ्यातला तपकिरी जीव पार मिसळून जातो.

लावण्याआधी मोठ्याने ‘पांढरा!’ म्हणा आणि दोन सेकंद थांबा. बाकीचे डोळे मिटतील किंवा पाठ फिरवतील. ही खूण निघतानाच सगळ्यांनी ठरवून घ्यायची, रात्री ऐन वेळी समजावत बसायला वेळ नसतो.

स्वतःसाठी: एक डोळा घट्ट मिटून त्यावर तळहात ठेवा आणि दुसऱ्याने काम करा. प्रत्येक डोळ्याचं ऱ्होडॉप्सिन स्वतंत्र असतं, त्यामुळे झाकलेला डोळा सरावलेलाच राहतो. अर्थात एका डोळ्याने अंतर नीट कळत नाही, म्हणून ही युक्ती बसल्या जागीच वापरा. कड्यावर नाही.

पांढऱ्याची सर्वांत कमी पातळी वापरा, काम संपलं की बंद करा, आणि त्याच क्षणी बटण पुन्हा लालच्या क्रमावर आणून ठेवा. हे राहून गेलं तर पुढचा झटका ठरलेला.

## पायरी ८: डोळे दिपले तर

नुकसान किती झालं हे प्रकाशाच्या तीव्रतेवर आणि तो किती वेळ डोळ्यांत गेला यावर ठरतं. एखाद्या सेकंदाची झलक असेल तर काही मिनिटांत बरंचसं परत येतं. अर्धा मिनिट प्रखर टॉर्चकडे किंवा उजळ स्क्रीनकडे पाहिलं असेल तर पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून, अर्धा तास.

चालत असाल तर जागीच थांबा. दिपलेल्या डोळ्यांनी ‘दिसेल हळूहळू’ म्हणत पुढे टाकलेली पावलं धोक्याची असतात. खाली बसा, डोळे मिटून तळहातांनी झाका, आणि थोड्या वेळाने मघाचाच तारकापुंज मोजून पाहा. थांबणं शक्य नसेल तर मंद पांढरा लावून सुरक्षित जागेपर्यंत चला आणि तिथे डोळ्यांचा अर्धा तास नव्याने सुरू करा.

परतल्यावर एलईडीवरच्या चिकटपट्टीचे थर काढू नका. तुमच्या डोळ्यांना जुळलेली तीव्रता तीच आहे. सेल मात्र बाहेर काढून ठेवा, नाहीतर ते गळून आतले पत्रे गंजतात.